गाडी सोडा, अलाइनमेंटचं बिल धरा

प्रश्न: मार्च 2024 मध्ये माझ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर 68 लाखांची दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. चालवतो मी एकटाच, तेही शनिवार-रविवारी. जून 2025 मध्ये डीलरच्या वर्कशॉपमध्ये 3,800 रुपये देऊन व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणं) केलं. पुढच्या 6,000 किलोमीटरमध्ये पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला तार दिसेपर्यंत झिजले, बाहेरची कड मात्र जवळजवळ नवी. जानेवारी 2026 मध्ये हे लक्षात आलं. नव्या जोडीचं कोटेशन 1,12,000 रुपये आहे. डीलर म्हणतो, रस्ते खराब आणि तुमचं चालवणं तसं. शिवाय टायर वॉरंटीत येत नाहीत. मला गाडी बदलून हवी किंवा पूर्ण पैसे परत हवेत. उत्पादक कंपनीवरही केस करायची आहे. ता. क. अलाइनमेंटच्या दिवशीच गाडी थोडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा त्यांच्याकडूनच बसवून घेतल्या होत्या. (एक वाचक, पुणे)

उत्तर: वकिलाला आलेल्या पत्रातली खरी गोष्ट बहुतेक वेळा ता. क.मध्येच सापडते. तुमची केस त्या स्प्रिंगांवर उभी आहे. उत्पादकाविरुद्ध त्या तुमच्या अंगाशी येतील, डीलरविरुद्ध त्याच कामी येतील.

त्याआधी एक सांगतो. तार दिसत असेल तर गाडी जागेवरून हलवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 94 प्रमाणे चारचाकीच्या टायरच्या खाचेची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि तुमची आतली कड त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो या टायरचाच काढेल. गाडी न्यायची असेल तर टोइंग व्हॅनने न्या.

आता गाडी बदलून मागण्याबद्दल. हा हट्ट सोडा. मारुती उद्योगच्या 2006 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. तिथे तक्रार क्लचची होती, तुमची तर टायरची आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आहे आणि बरेच जण ते वाचून हुरळून जातात. पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचंच झालेलं नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा वगळला आहे. गाडीने कुणाला इजा केली असती तर गोष्ट वेगळी. त्यात तुम्ही सस्पेन्शन बदललेलं. उत्पादकाचा वकील पहिल्याच परिच्छेदात ते लिहील आणि तुम्हाला त्यावर बोलता येणार नाही.

शिवाय मंच बदलतो. ग्राहक आयोगाचं अधिकारक्षेत्र तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, किती मोबदला दिला यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ही पद्धत वैध ठरवली आहे. 68 लाखांच्या गाडीत दोष आहे म्हणालात, तर 50 लाखांच्या वर म्हणून राज्य आयोग. अलाइनमेंट आणि स्प्रिंगा बसवण्याच्या सेवेत त्रुटी म्हणालात, तर मोबदला त्या कामाच्या बिलाचा. पुण्याचा जिल्हा आयोग पुरतो आणि 5 लाखांपर्यंत फीदेखील नाही. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा रस्ता धरला असता.

डीलरचं म्हणणं कितपत टिकतं? त्यासाठी थोडं यंत्रशास्त्र लागतं. हे मला कायद्याच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एका उलटतपासणीच्या आदल्या रात्री एका मेकॅनिकने चहाच्या टपरीवर दोन बशा कलत्या धरून समजावलं. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असला की तो निगेटिव्ह कॅम्बर. स्पोर्ट्स कारला तो कारखान्यातूनच थोडा दिलेला असतो, वळणावर पकड मिळावी म्हणून. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की बाहेर वळलेली. तोंडं बाहेर असली की टायर प्रत्येक किलोमीटरला रस्त्यावर थोडा घासत जातो आणि आतली कड खरवडून निघते. नुसत्या कॅम्बरपेक्षा चुकलेला टो टायर फार लवकर खातो. गाडी खाली बसवली की साधारणपणे कॅम्बर वाढतो आणि टोही हलतो. म्हणून स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, आणि ते स्प्रिंगा बसवल्यानंतर करायचं असतं.

माझा संशय इथेच आहे. आधी अलाइनमेंट आणि मग स्प्रिंगा, असं तर झालं नाही ना? जॉब कार्डवर कामांच्या वेळा असतील तर त्या पाहा.

‘तुमचं चालवणं तसं’ या उत्तराचा समाचार सोपा आहे. वळणं जोरात मारणाऱ्याची बाहेरची कड आधी जाते. खड्ड्याचं म्हणाल तर एखादा टाय रॉड किंवा आर्म (चाकाला जागेवर धरणारे दांडे) वाकतो, त्या बाजूचा टायर बिघडतो. दोन्ही बाजू एकसारख्या आतून झिजल्या तर बोट सेटिंगकडे जातं. पण हा आपला तर्क झाला, पुरावा नव्हे. आणि अशा तक्रारी बहुतेक पुराव्याअभावीच पडतात.

तेव्हा नवे टायर बसवण्याआधी, कुठलाही नट न फिरवता, गाडी तिसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट मशीनवर नुसती मोजून घ्या. प्रिंटआउटमध्ये आत्ताचं माप आणि त्या मॉडेलचं ठरलेलं माप शेजारी शेजारी येतं. मॉडेल बरोबर निवडलंय ना, ते उभं राहून पाहा. एकदा दुरुस्त केलं की हे माप कायमचं गेलं. टो मर्यादेबाहेर निघाला तर केस भक्कम. टो ठीक आणि फक्त कॅम्बर जास्त निघाला, तर डीलर म्हणेल की स्प्रिंगांमुळे हे होणारच होतं. मग मुद्दा उरतो, हे तुम्हाला बसवताना सांगितलं होतं का? तोही सेवेतल्या त्रुटीचाच मुद्दा, पण जरा पातळ. झिजलेले टायर एक्स्चेंजमध्ये देऊ नका. आतली, मधली, बाहेरची खाच मोजतानाचे फोटो काढा, टायरच्या कडेवरचा उत्पादनाचा आठवडा-वर्ष आणि गाडीचं रीडिंगही त्यात येऊ द्या. टायर तपासायला द्यायचे ठरले तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली आयोगच प्रयोगशाळा नेमतो, फी तुम्हाला भरावी लागते.

डीलरकडे जूनचं अलाइनमेंट प्रिंटआउट लेखी मागा. दिलं नाही तर आयोगाकडून कागद हजर करण्याचा आदेश मागता येतो. 3,800 रुपये घेऊनही प्रिंटआउट नाही, हे सदस्यांना पटवायला फार बोलावं लागत नाही.

गाडी कंपनीच्या नावावर आहे, म्हणजे ती ‘व्यावसायिक हेतू’ने घेतली, तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप नक्की येणार. घाबरू नका. मर्सिडीजच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यावसायिक हेतूची मानली नाही. वापर तुमचाच आहे, हे प्रतिज्ञापत्रावर नीट मांडा. तक्रार मात्र कंपनीच्या नावाने, संचालक मंडळाच्या ठरावासह करा.

डीलर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पुढे करून स्प्रिंगा हाच बेकायदा बदल होता असं म्हणेल का? म्हणू शकतो. पण त्या बसवून बिल कुणी फाडलं?

मुदत दोन वर्षांची आहे. जास्तीत जास्त सुरक्षित हिशोब जून 2025 पासून धरा, म्हणजे जून 2027 च्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. मागणी माफक ठेवा: टायरच्या किमतीतून तुम्ही वापरलेला भाग वजा करून उरलेली रक्कम, अलाइनमेंटचे पैसे, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल थोडं. पाच-दहा लाख मानसिक त्रास लिहिला की बाकीची तक्रारही हलकी वाटू लागते.

आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण माझा अंदाज आहे की नोटिशीसोबत मापाचं प्रिंटआउट जोडलं तर डीलर अर्ध्या किमतीची तयारी दाखवेल. घ्यायला हरकत नाही. मात्र ‘आता काही तक्रार नाही’ या कागदावर सही करण्याआधी नवे टायर आणि नवं सेटिंग घालून हजारभर किलोमीटर गाडी चालवा, आणि आतली कड पुन्हा मोजा.