माहितीपटासाठी दीड लाख रुपयांत कोणता कॅमेरा घ्यावा आणि संकलनासाठी लॅपटॉप कोणता असावा?

आपण दीड लाख रुपयांचा हिशेब कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप आणि उरल्यास ड्रोन असा मांडला आहे. त्या यादीत माइक हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि मी उत्तर लिहायला बसलो आहे ते केवळ त्यामुळेच. नेमकी अशीच यादी 2018 साली माझ्या एका मित्राने पाठकोऱ्या कागदावर केली होती. आम्ही दोघांनी मिळून जुन्या नाशकातल्या तांबट कारागिरांवर चाळीस मिनिटांचा माहितीपट करायचे ठरवले होते. पैसे निम्मे-निम्मे होते आणि वादही तसेच वाटून घेतलेले होते.

माझे म्हणणे असे होते की कॅमेरा जुना किंवा उसना चालेल, पण रेकॉर्डर आणि दोन बरे माइक स्वतःचे हवेत. मित्राचे उत्तर ठरलेले असे. दादासाहेब फाळक्यांनी आपल्या याच नाशकात कंपनी आणून आवाजाशिवाय एवढे चित्रपट काढले, मग आपले काय अडते, असे तो विचारी. त्यावर मी त्याला सांगत असे की फाळक्यांच्या पात्रांनी बोलणे अपेक्षितच नव्हते आणि जे सांगायचे ते पडद्यावर पाटी दाखवून सांगता येत होते. शिवाय बोलपट आल्यानंतर खुद्द फाळक्यांनाही तो काळ मानवला नाही आणि 1937 सालचा 'गंगावतरण' हाच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. या युक्तिवादाचा उपयोग झाला नाही. कॅमेरा आणि एक महागडी लेन्स आली, आणि आवाजासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा एक छोटा माइक उरलेल्या पैशांत घेण्यात आला.

आता प्रसंग सांगतो. तांबट लेनमधल्या एका कारागीर बाबांकडे आम्ही तीन दिवस बसलो होतो. वय सत्तरीच्या पुढे, अंगात कोपरी, समोर अर्धवट मठारलेले घंगाळ. मठारणे म्हणजे नुसते ठोके मारणे नव्हे; ठोक्याशेजारी ठोका असा सलग पडत जातो, पत्रा घट्ट होतो आणि त्यावर चकाकणाऱ्या बारीक खळ्यांची नक्षी उमटते. आयुष्यभर हे काम केलेल्या माणसाचे कान बहुधा शाबूत राहत नाहीत, तसे बाबांचेही राहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी, कोणी काही विचारले नसताना, हातातला हातोडा न थांबवता ते आपणहून बोलू लागले. भांडे तयार झाले की त्याचा आवाज कसा बदलतो, तो आवाज ऐकू येईनासा झाल्यावर पहिले वर्ष कसे गेले, चुकीची भांडी गिऱ्हाइकाने कशी परत आणली आणि मग मनगटाला बसणाऱ्या झटक्यावरून भांडे ओळखायला ते कसे शिकले, असे सगळे ते अकरा मिनिटे सांगत होते. मित्राने कॅमेरा हलू दिला नाही. चित्र अप्रतिम आले.

रात्री घरी हेडफोन लावला तेव्हा कळले की आवाजाची पातळी ऑटोवर राहिली होती. ऑटोचे काम असे चालते की मोठा आवाज आला की कॅमेरा एकूण पातळी झटकन खाली ओढतो आणि शांतता झाली की ती सावकाश वर आणतो. इथे दर सेकंदाला ठोका पडत होता, त्यामुळे प्रत्येक ठोक्यापाठोपाठ येणारे दोन-तीन शब्द खोल विहिरीत गेल्यासारखे बुडत होते, आणि पातळी जरा वर येते न येते तोच पुढचा ठोका पडत होता. शिवाय ठोका स्वतः फाटलेला होता, म्हणजे ध्वनिलहरीचा माथाच कापला गेला होता, आणि जे मुळात नोंदलेच गेले नाही ते संगणकावर कुठून आणणार? आवाज स्वच्छ करणारी मिळतील तेवढी सॉफ्टवेअर मी वापरून पाहिली. ठोका थोडा दबे, पण बाबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होई.

महिन्याभराने मी स्वखर्चाने रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचा वायरवाला माइक घेतला आणि आम्ही पुन्हा गेलो. बाबांनी आमच्यासाठी काम थांबवले, शेजाऱ्यांनाही थांबवायला लावले, आणि सांगितले, "आधी कानानं कळायचं, आता हातानं कळतं." एवढेच. अकरा मिनिटांचे एक वाक्य झाले होते. मी आडून आडून पुष्कळ विचारले, पण माणूस एकदा सांगून मोकळा झालेला असतो. दुसऱ्यांदा तो त्याचा सारांशच देतो.

या एका चुकीमुळे संकलनाचे दोन महिने वाढले. बाबांचा बोलतानाचा चेहरा वापरता येईना, कारण ओठ वेगळे बोलत होते आणि आवाज वेगळा होता. शेवटी नवे वाक्य त्यांच्या हातांच्या दृश्यांवर ठेवले आणि मूळ अकरा मिनिटांपैकी जेमतेम चाळीस सेकंद उपशीर्षकांसह वापरली. माहितीपट पाहिलेले लोक त्या हातांच्या दृश्यांचे कौतुक करतात तेव्हा मित्र माझ्याकडे बघतो. मी दुसरीकडे बघतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की दीड लाखातला किमान एक तृतीयांश भाग आवाजासाठी आधी बाजूला काढावा. एक छोटा रेकॉर्डर, एक वायरवाला कॉलर माइक, एक शॉटगन माइक (म्हणजे समोरचाच आवाज टिपणारा लांबट माइक), वाऱ्यासाठी त्याचे केसाळ आवरण आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन एवढे पुरते. माइक कॅमेऱ्यावर बसवू नये, बोलणाऱ्याच्या जवळ न्यावा. छोट्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज शॉटगनला नीट टाळता येत नाही, तिथे कॉलर माइक बरा. मात्र तो सुती कापडाला घासतो, म्हणून कोपरीच्या आतून चिकटपट्टीने पक्का करावा लागतो. रेकॉर्डरच्या मीटरवर, जिथे शून्य म्हणजे आवाज फाटण्याची कमाल मर्यादा, बोलणे उणे 18 ते उणे 12 डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी हाताने लावावी. प्रत्येक जागेची निदान अर्धा मिनिट नुसती शांतता नोंदवून ठेवावी, कारण दोन वाक्यांमधली भेग बुजवायला तीच लागते. हल्ली 32 बिट फ्लोटचे रेकॉर्डर मिळतात, त्यांत पातळी चुकली तरी बहुतेक वेळा सावरता येते. परंतु माइकच ठोक्याने गुदमरला असेल तर तेही हतबल असतात.

कॅमेरा वापरलेला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) घ्यावा, त्याला माइक आणि हेडफोन या दोन्हींची खोबण असावी, आणि या विषयावर मला याहून जास्त लिहावेसे वाटत नाही. फक्त आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे हे विसरू नये: सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचे शटर ठेवावे, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आमच्या पहिल्या दिवसाच्या चित्रणात ते आहेत, कारण कॅमेरा 1/60 वरच होता. ड्रोनचा विचार नाशकात तरी शेवटी करावा. देवळालीची लष्करी छावणी, ओझरचा विमानतळ आणि नोटांचा छापखाना एवढे सगळे एका तालुक्याच्या आसपास असताना ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीबाहेर काढणे म्हणजे संकट ओढवून घेणे आहे.

लॅपटॉपबद्दल. फोर-के चित्रणावर थेट काम करण्याचा हट्ट सोडला आणि प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून घेतल्या तर 16 जीबी रॅमच्या साध्या यंत्रावरही संकलन होते. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे. खरा खर्च डिस्कचा असतो. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने केलेले चित्रण तासाला 45 जीबी होते, म्हणजे चाळीस तासांचे 1,800 जीबी, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरात असायलाच हवी. फोनने काही चित्रित केले असेल तर त्याचा फ्रेमचा वेग बदलता असतो आणि लांब मुलाखतीत आवाज हळूहळू ओठांच्या पुढेमागे सरकतो. अशी फाइल आधी स्थिर 25 फ्रेममध्ये बदलून मगच टाइमलाइनवर घ्यावी.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हव्यात. आपला विषय पक्षी, किल्ले किंवा द्राक्षबागा असा असेल आणि त्यात माणसे फारशी बोलणार नसतील, तर वरचा हिशेब उलटा करायला माझी हरकत नाही. आणि त्या तिसऱ्या दिवशी आवाजाची जबाबदारी माझ्याकडे होती. पातळी हाताने लावायची सोय त्या कॅमेऱ्यातही होती. बाबा अचानक बोलू लागले तेव्हा मेनूत शिरण्याऐवजी मी ऐकत बसलो.

मित्राने गेल्या महिन्यात त्याच्या कामासाठी माझा रेकॉर्डर नेला होता. परत आला तेव्हा त्याच्या बटणावर कागदी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने 'मॅन्युअल' असे लिहिलेले होते. मी ती अजून काढलेली नाही.