आई-बाबा माल्टाला येताहेत, गाडी घेऊ का?

प्रश्न: आम्ही मूळचे सातारचे. दोन वर्षांपासून माल्टात, स्लीमाला राहतो. जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी येताहेत. आईचे गुडघे दुखतात. त्यांना राजधानी दाखवायला जुनी गाडी घ्यावी का?

उत्तर: अजिबात नको. व्हॅलेटा आहेच केवढी! वेशीपासून सेंट एल्मो किल्ल्यापर्यंत साधारण एक किलोमीटर. आपल्या पोवई नाक्यावरून राजवाड्याला यापेक्षा जास्त चालावं लागतं. गाडी घेतलीत तर ती लावायला जागा शोधण्यातच बाबांची संध्याकाळ जाईल.

खरी अडचण चढाची. शहर डोंगराच्या सोंडेवर वसलंय आणि दोन्ही अंगांच्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरतात. स्लीमाची बोट तुम्हाला नेमकी पायथ्याला सोडते. मी मुलाकडे गेले होते तेव्हा पहिल्याच दिवशी त्या पायऱ्यांवर बसकण मारली. एकेकाळी न थांबता अजिंक्यतारा चढणारी मी! तुम्हाला वाटेल, जाताना बस आणि येताना उतारावरून बोट. तसं करू नका, दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. स्लीमाला जाता-येता आईंसाठी बसच.

बोटीची हौस भागवायची तर दुसऱ्या अंगाला, थ्री सिटीजकडे (बंदरापलीकडची तीन जुनी गावं) जा. तिथली बोट बाराक्का लिफ्टजवळ लागते. ही लिफ्ट 2012 साली सुरू झाली. 58 मीटर वर नेऊन थेट बागेत सोडते. बाराच्या आत पोहोचा, बागेखालच्या तोफा उडतात. बाबा खूश होतील.

बसचं म्हणाल तर 'हात दाखवा, गाडी थांबवा' हाच कायदा. नुसतं थांब्यावर उभं राहिलात तर बस निघून जाईल, आणि भरलेली असली तर हात दाखवूनही जाईल. म्हणून ऑफिसच्या वेळा टाळा. परतीला वेशीबाहेरच्या ट्रायटन कारंज्यापाशी मुख्य स्टँडवरच चढा, बसायला जागा मिळते. तुमच्याकडे तिथलं ओळखपत्र आहे, म्हणजे स्वतःच्या नावाचं बसचं कार्ड काढलंत की तुम्हाला प्रवास फुकट (ऑक्टोबर 2022 पासून). आई-बाबांना मात्र तिकीट पडेल. ते दोन तास चालतं, मधे बस बदलली तरी.

आणि आजच फोन करून सांगा: आईंनी सपाता आणू नयेत. तिथला चुनखडीचा दगड झिजून गुळगुळीत झालाय. मागे पट्टा असलेले सँडल राजवाड्यावरूनच घेऊन ठेवा म्हणावं.