वाचकांचे प्रश्न : ‘सायलस मार्नर’ आणि रॅव्हलो गाव

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात जॉर्ज एलियट यांची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी नुकतीच वाचली. चोरीला गेलेल्या सोन्याच्या जागी सोनेरी केसांची अनाथ मुलगी चालत येते आणि कंजूष विणकर सायलस माणसांत येतो, हा योगायोग फारच सोयीचा वाटला. एवढ्या वास्तववादी लेखिकेने तो का स्वीकारला असावा?

उत्तर : योगायोग आहे हे खरे, परंतु तो आयत्या वेळी आणलेला नाही. मेरी ॲन एव्हान्स यांनी जॉर्ज एलियट या टोपणनावाने 1861 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीत सायलसला भान हरपून अंग ताठ होण्याची व्याधी आहे आणि तिचा परिणाम पहिल्याच प्रकरणात दिसतो. उत्तरेकडील एका शहरात, लँटर्न यार्ड येथील लहानशा कडव्या पंथाच्या मंडळीत, मरणासन्न डीकनच्या (मंडळीच्या एका पदाधिकाऱ्याच्या) उशाशी जागत असताना त्याला झटका येतो आणि त्याच रात्री मंडळीचे पैसे नाहीसे होतात. जिवलग मित्र विल्यम डेन याने रचलेला आळ त्याच्यावर येतो. न्यायालयात जाणे पंथाला मान्य नसल्याने चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतला जातो, तो सायलसच्या विरुद्ध पडतो आणि त्याची वाग्दत्त वधू पुढे त्याच मित्राशी लग्न करते. देवावरचा आणि माणसांवरचा विश्वास उडालेला सायलस रॅव्हलोला येतो आणि पंधरा वर्षे केवळ माग आणि गिनी (सोन्याची नाणी) एवढ्यांतच जगतो. जमवलेले 272 पौंड चोरीस गेल्यानंतर, वर्षअखेरीच्या बर्फाळ रात्री तो दार उघडून उभा असताना पुन्हा तोच झटका येतो आणि मूल आत शिरून शेकोटीपाशी निजते. ज्या व्याधीमुळे त्याचे पहिले आयुष्य मोडले, तिच्याचमुळे ते दार या वेळी उघडे राहते. ही जुळणी लेखिकेने जाणूनबुजून केली आहे.

शिवाय मुलगी आल्यामुळे तो त्या रात्रीच बदलतो असेही नाही. बदल घडतो तो तिला वाढवण्याच्या कष्टांतून. गाडीची चाके करणाऱ्या सुताराची बायको डॉली विन्थ्रॉप आपल्या मुलाचे जुने कपडे आणून देते, न्हाऊ घालायला शिकवते; सायलस मात्र सारे स्वतःच करण्याचा हट्ट धरतो, कारण मुलीला दुसऱ्या कुणाचा लळा लागावा हे त्याला सोसवत नाही. मुलीचे नाव तो एपी ठेवतो आणि विणताना तिला तागाच्या पट्टीने मागाला बांधून ठेवतो. ती कात्रीने पट्टी कापून पळते. शिक्षा म्हणून डॉलीच्या सल्ल्याप्रमाणे तिला कोळशाच्या कोनाड्यात कोंडले, तर धुऊनपुसून झाल्यावर ती आपणहून परत त्यात जाऊन बसते आणि शिक्षेचा विषय तिथेच संपतो. तिच्या बाप्तिस्म्यासाठी तो गावच्या चर्चमध्ये पाऊल टाकतो, तिच्यामुळेच शेजाऱ्यांशी बोलू लागतो. गावातील जमीनदार कॅस घराण्याची मधली काही प्रकरणे रेंगाळतात हे मान्य केले, तरी ही पाने मात्र कुठेही सैल नाहीत.

प्रश्न : सोळा वर्षांनी गॉडफ्री कॅस आपणच एपीचा पिता असल्याची कबुली देतो, तरी ती त्याच्याकडे जात नाही. हा त्याच्यावर अन्याय नाही का?

उत्तर : आम्हांला तसे वाटत नाही. अफूच्या आहारी गेलेली आपली गुप्त पत्नी बर्फात मरून पडलेली त्याने त्या रात्री पाहिली होती, मूलही ओळखले होते, आणि आवडत्या नॅन्सीशी लग्न करता यावे म्हणून तो गप्प राहिला. पुढे त्याच्या घरी मूल नांदत नाही, तेव्हा त्याला रक्ताचा हक्क आठवतो. हे सोळा वर्षांपूर्वीच का सांगितले नाही, असे सायलस त्याला स्पष्ट विचारतो; मात्र त्यानंतर निवड एपीवर सोपवून तो बाजूला होतो. या प्रसंगात खरे मोठेपण दिसते ते तिला अडवायचे नाही या त्याच्या निर्णयात. गॉडफ्री दुष्ट नव्हे, दुबळा आहे, आणि म्हणूनच त्याची शिक्षा अधिक पटते.

प्रश्न : सायलसवरचा जुना आळ शेवटी दूर होतो का?

उत्तर : नाही. तो एपीला घेऊन लँटर्न यार्डला जातो, तर तिथे कारखाना उभा असतो आणि त्या मंडळीचा मागमूसही नसतो. कौल विरुद्ध का पडला हे त्याला कधीच कळत नाही. ते आपल्याला कळणार नाही, तरी त्यात काही योग्य असेलच, एवढेच डॉली त्याला सांगू शकते. आणि एपी आल्यापासून विश्वास ठेवण्यापुरता उजेड आपल्याला मिळाला आहे, असे तो तिला उत्तर देतो.