भिंतीवरचा नंबर लावू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. लघवीला जळजळ होते आणि स्राव जातो, हे तू मोकळेपणाने कळवलेस ते उत्तम केलेस. मात्र त्यासाठी भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग तज्ज्ञा'चा नंबर लावण्याचा तुझा विचार मला मुळीच पटला नाही. तपासण्याआधीच भीती घालणे, हा त्या धंद्याचा पायाच आहे.

त्याऐवजी नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा मेयो या दुसऱ्या शासकीय रुग्णालयात जा. केस पेपर काढताना खिडकीवर त्वचारोग विभाग एवढे सांगितले की पुरते. नायटा आणि खरूज असलेली माणसेही त्याच रांगेत उभी असतात, त्यामुळे तुझ्याकडे कोणी वळून पाहणार नाही. लैंगिक आजारांसाठीच्या शासकीय सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांतून मोफत औषध देतात. स्रावासाठीच्या राखाडी पाकिटात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झीम असते, आणि ते एकाच वेळी घ्यायचे असते. मेडिकल स्टोअरमधून अंदाजाने दोन-चार गोळ्या आणून खाल्ल्यास लक्षणे दबतील, पण आजार राहील.

त्याच भेटीत आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी करून घे. तीही मोफत आहे. समुपदेशक आधी तुझ्याशी एकांतात बोलतात, संमती घेतात, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तुझा अहवाल गोपनीय ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. संबंध अलीकडचा असेल तर पहिल्या अहवालावर निर्धास्त होऊ नकोस; तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी कर. यापुढे कधी धोका पत्करला गेलाच, तर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे 72 तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, सुरू करावी लागतात, हेही ध्यानात ठेव. जाण्यापूर्वी काही विचारायचे असल्यास 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

तुझ्या वसतिगृहातील लहान मुलांसाठी, म्हणजे 10 ते 19 वयोगटासाठी, 'मैत्री' हे किशोरवयीनांचे शासकीय क्लिनिक असते. त्यांना एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही: अठराच्या आतील मुलामुलींचा लैंगिक संबंध उघड झाल्यास पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. हेतू संरक्षणाचा असला तरी या भीतीने पुष्कळ मुले दवाखान्याची पायरी चढत नाहीत, असे माझे मत आहे. तू वीस ओलांडलेला आहेस. तुझ्यापुढे ही अडचण नाही.

राहिली ती मुलगी, जिच्याशी तुझा संबंध आला. स्त्रियांमध्ये या संसर्गाची लक्षणे बरेचदा दिसतच नाहीत, तेव्हा तिलाही औषध घ्यायला सांग, आणि दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळा.

तुझा हितचिंतक