“लेव्हल कमी ठेवली तर चालेल ना?”

“आम्ही दोघं सज्ञान आहोत, दोघांची संमती आहे. मग हरकत काय?” असं एका नवऱ्याने मला विचारलं तेव्हा त्यात वाद घालण्याचा सूर नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. कुत्र्यांना शिकवण्यासाठी मिळणारी, विजेचा झटका देणारी शॉक कॉलर त्यांनी मागवली होती. पट्टा बायकोच्या गळ्यात, रिमोट त्याच्या हातात, असा त्यांच्या एकांतातला खेळ. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एकदा झटका बसताच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. तेव्हापासून दोघंही धास्तावले होते.

खेळाबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं, तो त्यांचा खासगी भाग. माझी हरकत होती ती गळ्याला. जबड्याच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आहेत. त्यांच्यावरच रक्तदाबाची नोंद घेणारी कॅरोटिड सायनस नावाची संवेदनशील जागा असते. ती उत्तेजित झाली की हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, माणूस बेशुद्धही पडू शकतो. हृदयाचा वेग कमी करणारा व्हेगस मज्जातंतू तिथूनच जातो. पुढे स्वरयंत्र आहे. तिथले स्नायू आकसले तर श्वास अडतो. विजेच्या सौम्य प्रवाहाने वेदना कमी करणारं टेन्स यंत्र तर माणसांसाठीच बनवलेलं, तरी त्याचे पॅड गळ्याच्या पुढच्या भागावर लावू नका, अशीच सूचना असते.

“पण आम्ही तीनवरच ठेवली होती,” तो म्हणाला. रिमोटवरचा आकडा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. त्वचा घामाने ओली असेल, पट्टा घट्ट असेल तर त्याच आकड्याला जास्त प्रवाह शरीरात जातो. घट्ट पट्ट्याने धमन्यांवर दाब येतो तो वेगळाच. धातूची टोकं बराच वेळ रुतून राहिली तर जखमा होतात. पेसमेकर, हृदयाचा आजार, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर धोका आणखी वाढतो, आणि हृदयाच्या लयीतला दोष अनेकांना माहीतही नसतो.

तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “थांब म्हणायचं होतं, पण आवाजच फुटला नाही.” मला यंत्राइतकीच ही गोष्ट गंभीर वाटली. ज्या क्षणी थांबवता येत नाही, त्या क्षणी आधी दिलेली संमती कामाची राहत नाही. नवऱ्याला हे तिने स्वतः सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण त्याने ऐकून घेतलं.

शिक्षा किंवा शिस्तीसाठी असं काही वापरावं का, असंही कधी कुणी पालक विचारतात. नाही, कधीच नाही. स्वतःला इजा करणाऱ्या किंवा आक्रमक होणाऱ्या रुग्णांना झटके देणाऱ्या उपकरणांवर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये बंदी आणली. ती न्यायालयात टिकली नाही, म्हणून २०२४ मध्ये नव्याने प्रस्ताव मांडला. एफडीएने दाखवलेल्या धोक्यांत भाजण्याबरोबर नैराश्य आणि आघातानंतरचा मानसिक ताणही होता.

त्या दोघांना मी डॉक्टरांकडे पाठवलं आणि खरं कारण सांगायची लाज बाळगू नका, असं बजावलं. नाहीतर तपासणी भलत्याच दिशेने जाते. झटक्यानंतर छातीत दुखलं, धडधड थांबेना, श्वास लागला किंवा शुद्ध हरपली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठायचं, हे दोघांकडून वदवून घेतलं.