पोस्टपेड बिलात अचानक डेटा चार्जेस: वापरावर नको, दरावर भांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा कोल्हापुरात राजारामपुरीत, तुम्ही पुण्यात. बाबांचा पोस्टपेड नंबर नोकरीत असल्यापासूनचा, प्लॅनही तेव्हाचाच. बिल दर महिन्याला ३५३ रुपये (२९९ अधिक जीएसटी), यावेळी ४,०६५. जादा रक्कम ‘डेटा चार्जेस’ या एकाच ओळीत, वापर १,५३६ एमबी, त्यातला बराचसा रात्री एक ते तीनच्या दरम्यान. घरी वाय-फाय आहे, फोनमध्ये दुसरं प्रीपेड सिम आहे, नेट त्याच्यावरच चालतं. कस्टमर केअरचं म्हणणं, ‘वापर खरा आहे आणि तुम्ही कर्नाटक रोमिंगलाही होता’. कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात गेलात तर ‘१९८ ला फोन करा’. बिल भरायचं की नाही?

‘बाबा रात्री दोन वाजता झोपलेले असतात’ हा मुद्दा आधी सोडून द्या. माणूस झोपला तरी फोन जागाच असतो. फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपचा बॅकअप, ॲपचे अपडेट ही कामं बऱ्याचदा फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवल्यावर सुरू होतात. कंपनीकडे प्रत्येक डेटा सेशनची नोंद असते. त्यामुळे ‘वापरलंच नाही’ म्हणून भांडलात की पुढचा माणूस ती नोंद वाचून दाखवतो आणि तक्रार बंद करतो. भांडायचं ते दरावर.

आता बिलावरचा हिशोब करा. डेटाची रक्कम जीएसटी सोडून ३,१४५ रुपये ७३ पैसे आहे. तिला १,५३६ ने भागा. एका एमबीला २ रुपये ५ पैसे पडले. हा ‘१० केबीला २ पैसे’ असा जुना मूळ दर आहे. एका एमबीत १,०२४ केबी म्हणजे १०२.४ पल्स (१० केबीचा एक पल्स, म्हणजे आकारणीचा टप्पा), आणि याच दराने एक जीबी २,०९७ रुपयांना पडतो. हल्ली प्लॅनमधला डेटा संपल्यावर अनेक ठिकाणी एमबीला २ पैसे लागतात. त्या दराने हेच दीड जीबी ३१ रुपयांच्या आत बसलं असतं. म्हणजे बाबांनी ‘जास्त वापरलं’ म्हणून बिल फुगलेलं नाही. ज्या दिवशी वापर झाला त्या दिवशी नंबरवर डेटा पॅकच नव्हता, म्हणून मूळ दर लागला.

इतरांचं बिल वेगळं असेल तर भागाकारावरूनच अंदाज येतो. एमबीला शेकडो रुपये पडत असतील तर तो परदेशातला रोमिंग किंवा विमानातलं नेटवर्क, आणि असं बिल बऱ्याचदा पुढच्या महिन्यात येतं. ४९, ९९ अशी गोल रक्कम असेल तर तो बहुधा डेटा नसतोच. कुणाच्या तरी बोटाने चालू झालेली व्हॅल्यू ॲडेड सेवा असते. ती बंद करायला १५५२२३ आहे. अशी सेवा ग्राहकाने दुसऱ्यांदा होकार दिल्याशिवाय चालू करता येत नाही, तेव्हा तो होकार कधी दिला याची नोंद मागा.

कर्नाटक रोमिंगचं उत्तर कोल्हापूर भागात सर्रास ऐकायला मिळतं. कागलच्या पुढे, कोगनोळीच्या आसपास फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि बिलात कर्नाटक सर्कल उमटतं, हे खरं आहे. पण देशातल्या रोमिंगमुळे दर बदलला असेल तर तो प्लॅनच्या दरपत्रकात लिहिलेला असायला हवा. रोमिंगच्या ओळी आणि घरच्या ओळी यांचा दर एकच निघाला तर या उत्तराला अर्थ उरत नाही. तसं लेखी विचारा.

आता बाबांच्या फोनकडे. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय आहे तो दोन सिमच्या आपोआप अदलाबदलीचा. प्रीपेडची रेंज गेली की फोन न विचारता दुसऱ्या सिमवरून नेट घेतो. हे सेटिंग अँड्रॉइडमध्ये सिमच्या पानावर ‘ऑटो डेटा स्विचिंग’ अशा नावाने असतं आणि आयफोनमध्ये ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ या नावाने. वाय-फाय असूनही हे होतं, कारण महावितरणची लाईट गेली की राऊटर बंद पडतो आणि फोन मुकाट्याने मोबाईल डेटावर जातो. राऊटर चालू असून बेडरूममध्ये सिग्नल कमजोर असला तरी आयफोनमधलं ‘वाय-फाय असिस्ट’ तेच करतं, पण फक्त समोर उघड्या असलेल्या ॲपपुरतं. ज्या रात्री वापर दिसतो त्या रात्री लाईट गेली होती का, हे शेजारी विचारलं तरी कळेल.

काहीही बदलण्याआधी फोनमधल्या डेटा वापराचे स्क्रीनशॉट काढा. पोस्टपेड सिम निवडून सायकलची तारीख बिलाच्या तारखेशी जुळवा, मग कोणत्या ॲपने किती खाल्लं ते दिसेल. आयफोनमधला ‘करंट पिरियड’ महिन्याचा नसतो, शेवटचं रिसेट केल्यापासूनचा असतो, तो पुरावा म्हणून देऊ नका. फोनचा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, थोड्या फरकावर वेळ घालवू नका. फोनमध्ये २०० एमबी आणि बिलात दीड जीबी असेल, तरच वापराचा मुद्दाही तक्रारीत घाला.

तक्रार बाबांच्याच नंबरवरून १९८ ला करायची. पुण्यातून तुमच्या नंबरवरून केलीत तर ‘नंबर तुमच्या नावावर नाही’ म्हणून तिथंच अडेल. फोनवर पहिलं वाक्य ‘मला तक्रार नोंदवायची आहे, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) द्या’ हेच हवं. ‘जरा बिलाचं विचारायचं होतं’ म्हटलं की चौकशी म्हणून नोंद होते आणि चौकशीला मुदत नसते. डॉकेट नंबर मेसेजने येतो. तो आला नाही तर तक्रार झालीच नाही असं समजा. मग तोच नंबर घालून बाबांच्या नोंदणीकृत ईमेलवरून हा मजकूर पाठवा:

‘माझ्या बिलातील १,५३६ एमबी वापराला १० केबीला २ पैसे हा दर लावला आहे. त्या तारखांना माझ्या नंबरवर कोणता प्लॅन व कोणता डेटा पॅक लागू होता, ते कळवावे. पॅक संपला असल्यास तो कधी संपला आणि त्याचा व पुढील दराचा मेसेज कोणत्या तारखेला, किती वाजता पाठवला? या नंबरवर डेटा सेवा चालू करण्यास माझी संमती केव्हा व कशी घेतली? तारीख व वेळेनुसार डेटा वापराचा तपशील द्यावा. वादातील रक्कम जीएसटीसह ३,७११ रुपये ९६ पैसे.’

यातले मेसेज आणि संमतीचे प्रश्न सगळ्यात जड जातात. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा चालू करता येत नाही, आणि पॅकचा ५०, ९० व १०० टक्के डेटा वापरून झाल्यावर कळवावं लागतं. मेसेज कधी गेले हे कंपनीला सांगता आलं नाही, तर ‘वापर खरा आहे’ एवढ्यावर तिचं भागत नाही. बाबांच्या फोनमधले त्या महिन्याचे मेसेज मात्र आधी तुम्ही स्वतः वाचा, ब्लॉक आणि स्पॅमचे फोल्डर धरून. मेसेज तिथं सापडले तर तक्रारीतून तो मुद्दा काढून टाका. खोटा मुद्दा उघडा पडला की बाकीचे खरे मुद्देही कुणी वाचत नाही.

बिल भरण्याबद्दल. वाद नसलेले ३५३ रुपये शेवटच्या तारखेआधी भरा आणि ‘उर्वरित रक्कम वादात आहे, डॉकेट नंबर अमुक’ असं त्याच दिवशी ईमेलने कळवा. त्याआधी ऑटोपे लावलंय का बघा. कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे जाणार असतील तर किमान २४ तास आधी सूचना येते, तिथून तो व्यवहार थांबवता येतो. एकदा पूर्ण रक्कम गेली की कंपनीला घाई राहत नाही. रागाच्या भरात नंबर पोर्ट करायला जाऊ नका. मुदत उलटलेली थकबाकी असेल तर पोर्टिंग अडतं.

बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरा. दरम्यान एक फोन येण्याची दाट शक्यता आहे: ‘सर, गुडविल म्हणून निम्मी रक्कम कमी करतो, तक्रार बंद करू?’ याचं उत्तर तुमच्या पुराव्यावर ठरवा. सिम आपोआप बदललं, मेसेजही आले होते, पण कुणी वाचले नाहीत, असं निघालं तर निम्म्यावर मिटवलेलं बरं, ओढाताण करण्यात फायदा नाही. मेसेज आलेच नसतील किंवा कंपनीने स्वतःहून प्लॅन बदलताना पॅक गळाला असेल, तर पूर्ण रक्कम मागा. कमी झालेली रक्कम पुढच्या बिलात ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून दिसते. तिथं डेटाची मूळ रक्कम वजा करून वरचा १८ टक्के जीएसटी तसाच ठेवलेला असतो का, आणि उशिराचा दंड लावलाय का, हे दोन्ही तपासा. इथं जीएसटीच ५६६ रुपये आहे.

‘वापर योग्य आढळला’ असा एका ओळीचा मेसेज येऊन तक्रार बंद झाली तर अपील करा. प्रत्येक कंपनीला अपिलीय प्राधिकारी नेमावा लागतो, त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तक्रारीचा निकाल लागल्यापासून किंवा तिची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलात नवी कहाणी लिहू नका. डॉकेट नंबर, बिलाचं ते पान, भागाकार आणि उत्तर न मिळालेले प्रश्न, एवढं पुरतं. प्राधिकारी कंपनीचाच असला तरी त्याच्यासोबतच्या दोन जणांच्या सल्लागार समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो, म्हणून मुद्देसूद अपिलाचा निकाल कस्टमर केअरपेक्षा वेगळा लागू शकतो.

ट्रायला थेट पत्र लिहिण्यात वेळ जातो, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. अपिलानंतर दूरसंचार विभागाकडे सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येतं, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला. ‘टेलिकॉमचे वाद ग्राहक न्यायालयात चालत नाहीत’ असं अजूनही काही जण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात हे वाद ग्राहक आयोगापुढे चालतात हे स्पष्ट केलं आहे. कोल्हापुरात जिल्हा आयोग आहे, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. तरी ३,७०० रुपयांसाठी तारखांना जायची बाबांची तयारी आहे का, ते त्यांना विचारूनच ठरवा.

स्क्रीनशॉट काढून झाले की आजच दोन गोष्टी करा. ऑटो डेटा स्विचिंग बंद करा आणि बाबांच्या पोस्टपेड नंबरवरून १९२५ ला ‘STOP’ चा मेसेज पाठवा. हा नंबर टोल फ्री आहे. डेटा नेटवर्कवरूनच बंद होतो, म्हणून फोनमधलं सेटिंग नातवाने खेळताना बदललं तरी बिल वाढत नाही. बंद झाल्याचा मेसेज येईल, तो जपून ठेवा. तो आल्यावर प्रीपेड सिमचा डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करून पोस्टपेडवर एखादं पान उघडतंय का ते एकदा बघा, कारण चालू सायकलमध्येही पॅक नसेल तर आजचा वापरही एमबीला दोन रुपयांनीच मोजला जातोय.