काठावरचे प्रश्न : विसर्ग वाढला, मग गरी टाकायची की नाही?

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी मी कोलवाळ पुलाच्या वरच्या अंगाला शापोरा नदीच्या काठी गरी घेऊन बसतो. पावसाळ्यात 'तिलारीचा विसर्ग वाढवला', म्हणजे वरच्या तिलारी धरणातून जास्त पाणी सोडलं, अशी बातमी आली की घरचे बाहेर पडू देत नाहीत. कधी बातमी असून नदी गप्प, तर कधी बातमी नसताना पाणी पायाशी. मोबाइलवरची भरतीची वेळही जुळत नाही. नेमकं काय बघून निघायचं?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : घरचे शहाणे आहेत. पण बातमी कशी वाचायची ते त्यांना आणि तुम्हाला, दोघांनाही कळलं तर भांडण कमी होईल.

आधी आकडा कुठल्या मापात आहे ते बघा. कधी क्युमेक छापतात, कधी क्युसेक. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका क्युमेकचे सुमारे 35 क्युसेक होतात. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात झाली, तरी मी आजही आकड्याआधी माप वाचतो. '100 क्युमेक' वाचून हसणारा माणूस '3,500 क्युसेक' वाचून घाबरतो, आणि पाणी तेवढंच असतं.

पण 100 क्युमेक म्हणजे तुमच्या पायाशी किती, हे धरणावरचा माणूस सांगू शकत नाही. 80 मीटर रुंद पात्रातून ते सेकंदाला एक मीटर वेगाने गेलं तर सव्वा मीटर खोली पुरते. पात्र 40 मीटरचं झालं की त्याच वेगाला अडीच मीटर लागते. शिवाय हे पाणी मणेरी, साळ, इब्रामपूर करत तुमच्याकडे येतं आणि वाटेतले सगळे ओहोळ त्यात मिसळतात. दोडामार्गात धो-धो पडला असेल तर धरणाचा एकही दरवाजा न उघडता नदी फुगते. 'बातमी नसताना पाणी' ते हेच. बातमीपेक्षा साळला एखादा ओळखीचा माणूस असणं जास्त उपयोगाचं. त्याला एवढंच विचारा : सकाळपासून वाढलं की उतरलं?

काठावर पोचल्यावर गरी सोडायच्या आधी दहा मिनिटं चिऱ्याच्या कठड्याकडे किंवा पुलाच्या खांबाकडे बघा. पाण्याच्या वर ओला काळपट पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. पट्टा नाही, कोरडा दगड थेट पाण्याला टेकलाय आणि काठचं गवत उभंच्या उभं पाण्यात आहे, तर चढतंय. हिरवी पानं, नारळाची सोडणं, ताज्या फांद्या वाहत येऊ लागल्या की वर काहीतरी नवीन झालंय असं समजा. चिखलात काठी रोवा, पाण्याच्या रेघेवर चाकूने खाच करा आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. मला नदीची उंची कळली नाही तरी चालते, ती कुठल्या बाजूला आणि किती झपाट्याने सरकतेय ते कळायला हवं.

आता भरती. मोबाइलवरची वेळ बहुधा मुरगाव बंदराची असते. शापोरा नदीच्या मुखातून आत कोलवाळपर्यंत यायला भरतीला वेळ लागतो. किती, ते तुमच्याच काठीवर मोजा. उन्हाळ्यात मोजलंत तर हिशेब स्वच्छ मिळतो. पावसाळ्यात मात्र एक चकवा असतो. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे धावतं आणि जड खारं पाणी तळातून आत शिरतं. पानं खाली वाहताना दिसतात, आणि काठी म्हणते पाणी चढतंय! अशा वेळी काठीवर विश्वास ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वरून विसर्ग आला तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्या दिवशी घरीच बसा, जेवायला बाजारातले बांगडे आणा.

मासा कधी लागतो? माझ्या मते पूर ओसरायला लागल्यावर, ओहोटीच्या पहिल्या भागात. चढत्या गढूळ पाण्यात तंगुसाला कचराच अडकतो. गरीच्या शिशाच्या वजनाला पांढरी चिंधी बांधून सोडून बघा. वीतभर खाली चिंधी दिसेनाशी झाली तर पाणी अजून चहासारखं आहे, परत फिरा. हातभर खाली दिसली तर ताजं सुंगट (कोळंबी) लावा आणि तांबोशी माशासाठी खारफुटीच्या मुळांजवळ टाका. शेवटे मासे उथळ चिखलावर येतात, पण ते सुंगटाला भुलत नाहीत. त्यांच्यासाठी पिठाचा गोळा. चोणक माशाचं काही सांगता येत नाही, तो त्याच्या मर्जीचा.

प्रश्न : साळावली धरणाच्या खाली बसलं तर भोंगा वाजतो का? अंजुणे धरणाला दरवाजे उघडताना इशारा देतात असं ऐकलं.
— एक वाचक, सांगे

उत्तर : दोन्ही धरणं वेगळी. अंजुण्याला दरवाजे आहेत. ते उचलले की केरी-साखळीकडे वाळवंटी नदी एकदम पायरी चढल्यासारखी वर येते, तिथे ऊन पडलेलं असलं तरी. म्हणून इशारा. साळावलीचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, बदकाच्या चोचीसारखा, बिनदरवाजाचा. जलाशय 41.15 मीटरला भरला की पाणी आपसूक ओसंडतं, कोणी काही उचलत नाही. त्यामुळे खालची नदी अंमळ सावकाश चढते, पण पाऊस थांबल्यावरही लगेच उतरत नाही, कारण सांडव्याच्या माथ्यावर साठलेलं सगळं पाणी ओसरायचं असतं. जलाशय काठोकाठ भरला असेल तर भोंग्याची वाट बघू नका. जिथून मागे चढून जायला वाट आहे तिथेच बसा, मधल्या खडकावर नको.